मोठेपणी घोडेस्वारी शिकणाऱ्यांचा पहिला हॉर्स शो: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्याला घोडा नवा नाही. अकलूजचा बाजार, वारीतली रिंगणं, लग्नाच्या वराती हे सगळं आपण लहानपणापासून पाहतो. पण तिशी-चाळिशीत खोगिरावर बसायला शिकून नंबर लावून मैदानात उतरायचं म्हटलं की शंका निघतात. त्यांची उत्तरं इथे आहेत. पहिल्या शोचं उद्दिष्ट एकच धरा: तुम्ही आणि घोडा, दोघांनीही मैदानातून शांतपणे बाहेर यायचं. पुढची बहुतेक उत्तरं त्याच हिशोबाने दिली आहेत.

किती महिने शिकल्यावर शोमध्ये उतरावं?

महिने मोजू नका, कामं मोजा. ज्या घोड्यावर उतरणार आहात त्याच घोड्यावर दोन्ही हातांना, म्हणजे डावीकडून आणि उजवीकडून, ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, २० मीटर व्यासाचा गोल काढता यायला हवा. थांबवायचा ठरवल्यावर तो तीन-चार पावलांत थांबायला हवा. मैदानात आणखी चार घोडे फिरत असताना त्याला स्वतःच्या वाटेवर ठेवता यायला हवा. आणि हे सगळं रोजच्या मैदानाबाहेर, एखाद्या अनोळखी जागी, निदान दोनदा तरी करून झालेलं हवं.

हे शेवटचं बहुतेक जण टाळतात आणि तिथेच फसतात. रोजच्या मैदानात मेंढरासारखा चालणारा घोडा नव्या जागी मान वर करतो, कान टवकारतो, झेंड्याकडे बघत आडवा सरकतो. त्याला शांत करायचं काम तुमचं, आणि नेमकं तेव्हाच तुमचे गुडघे आवळलेले असतात.

कोणत्या प्रकारात नाव द्यावं?

घरी जे जमतं त्याच्या एक पायरी खाली. घरी कँटर, म्हणजे सावकाश दौड, करत असाल तर वॉक-ट्रॉटची (साधी आणि दुडकी चाल) ड्रेसाज चाचणी द्या; ड्रेसाज म्हणजे ठरलेल्या क्रमाने हालचाली करून दाखवणं. घरी ६० सेंटिमीटर उडी मारत असाल तर ३० ते ४० सेंटिमीटरच्या क्रॉसपोलमध्ये, म्हणजे दोन दांड्या फुलीसारख्या लावलेल्या बुटक्या उड्यांत, उतरा. जमिनीवर ठेवलेल्या बांबूंवरून जायचा प्रकार असेल तर पहिल्यांदा तोच उत्तम. एका दिवसात दोनच प्रकार घ्या. तिसऱ्यापर्यंत घोडा आणि स्वार दोघेही थकलेले असतात, आणि थकलेला नवखा स्वार पडतो.

माझं वजन जास्त आहे. चालेल का?

हा प्रश्न लाजायचा नाही, गणिताचा आहे. स्वार, खोगीर, बूट, हेल्मेट मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ नये, ही सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी मर्यादा आहे. तोल अजून पक्का बसला नसेल तर १७ टक्क्यांच्या आतच राहा, कारण डगमगणारं ओझं पाठीला जास्त जड पडतं.

वजनकाटा नसला तरी टेपने अंदाज निघतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०; उत्तर किलोत येतं. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर वजन साधारण ३४४ किलो. त्याचे २० टक्के ६९ किलो, १७ टक्के ५८ किलो. त्यातून खोगिराचे ७-८ किलो वजा करा. आपल्याकडच्या हलक्या बांध्याच्या मारवाडी-काठियावाडी घोड्यांबाबत हा हिशोब बऱ्याच जणांना अनपेक्षित ठरतो. आकडा बसत नसेल तर थोराड घोडा मागा.

वयाचं काय? पन्नाशीत उतरलं तर?

उतरा. फक्त रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मणक्याचं दुखणं किंवा हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. घोड्यावरून पडणं म्हणजे निदान सहा-सात फुटांवरून पडणं. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांच्या आतलं असू द्या. चढताना नेहमी स्टूल किंवा ओटा वापरा. जमिनीवरून लटकून चढल्याने खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि घोड्याची पाठ पिळवटते.

वरातीत चालणारा घोडा शोला चालेल का?

आवाजाच्या बाबतीत असा घोडा उजवा. हलगी, बँड, फटाके, गर्दी सगळं पचवलेलं असतं. अडचण वेगळीच आहे. नाचायला शिकवलेला घोडा टाचेचा दाब आणि लगामाची ओढ एकदम आली की जागच्या जागी पाय नाचवतो, कारण त्याला तेच शिकवलंय. नवखा स्वार घाबरून नेमकं हेच करतो: पाय आवळतो आणि लगाम खेचतो. लाउडस्पीकरवर गाणं लागलं तर विचारूच नका. अशा घोड्याला टाच दिली की लगाम सैल आणि पाऊल पुढे, हे नव्याने शिकवावं लागतं. दोन-तीन महिने धरा.

रेवाळ, म्हणजे मऊ आणि वेगवान चाल, चालणाऱ्या घोड्याचाही असाच पेच. रेवाळ बसायला लोण्यासारखी, पण ड्रेसाजच्या चाचणीत जिथे ट्रॉट लिहिलंय तिथे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीने पडणारा दोन ठोक्यांचाच ट्रॉट लागतो. रेवाळ चालीला तिथे गुण मिळत नाहीत. घोडा चांगला असला तरी हा प्रकार त्याचा नव्हे.

रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड स्वस्तात मिळतो, पण तो स्वस्त म्हणून पहिल्या शोला घेऊ नका. मैदान, गर्दी, शेजारून धावणारा घोडा, या सगळ्याचा त्याने वर्षानुवर्षं शिकलेला अर्थ एकच: पळा.

अकलूजच्या बाजारातून नुकताच घोडा घेतलाय. पुढच्या महिन्यात शो आहे, नेऊ का?

नको. बाजारात शेकडो घोडे एकाच जागी पाणी पितात. नवा घोडा पागेत आणला की निदान तीन आठवडे वेगळा बांधा. बादली, खरारा, म्होरकी सगळं वेगळं. रोज सकाळी थर्मामीटर लावा. निरोगी घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. जबड्याखाली गाठ, नाकातून घट्ट पांढरा-पिवळा स्राव किंवा ताप दिसला तर लगेच पशुवैद्य. शोला नेऊन तीस घोड्यांना लागण देण्यापेक्षा हा हंगाम सोडलेला बरा.

कोणती कागदपत्रं लागतात?

घोड्याची वाहतूक करायची तर प्राणी वाहतूक नियम, १९७८ नुसार पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. गाडीत ते चालकाकडेच ठेवा. त्याशिवाय ग्लँडर्सच्या चाचणीचा निगेटिव्ह अहवाल बहुतेक आयोजक मागतात. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा जिवाणूजन्य रोग आहे आणि २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना देणं, तो प्रयोगशाळेत पोचणं आणि अहवाल येणं यात दिवस जातात. शोच्या आदल्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांचा प्रवेश इथेच हुकतो. महिनाभर आधी नमुना द्या, पण अहवाल किती जुना चालतो हे आयोजकांना त्याआधी विचारा.

शो इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाच्या मान्यतेचा असेल तर स्वार आणि घोड्याची नोंदणी लागू शकते. क्लबपातळीवरच्या सरावशोला सहसा साधा अर्ज आणि जोखमीचं संमतिपत्र पुरतं.

नाल कधी ठोकावी?

शोच्या सात-आठ दिवस आधी. आदल्या दिवशी कधीच नाही. खिळा आतल्या जिवंत भागाजवळ गेला असेल तर घोडा एक-दोन दिवसांत लंगडू लागतो. आठवडा हातात असला की नालबंद तो खिळा काढून दुरुस्त करू शकतो. तशी नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी बदलायचीच असते.

घालायचं काय?

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. त्यावर पीएएस ०१५, व्हीजी१ किंवा एएसटीएम एफ११६३ यांपैकी एखादं मानक छापलेलं बघा. क्रिकेटचं, सायकलचं, मोटारसायकलचं चालत नाही. कडा भुवईच्या दोन बोटं वर यावी आणि पट्टा न लावता डोकं हलवलं तर कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलावी. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी टाकून द्या, आतला थर दबलेला असतो.

बुटाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची टाच आणि गुळगुळीत तळवा हवा. स्पोर्ट्स शूज घातले की पाय रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जातो, आणि पडल्यावर घोडा फरफटत नेतो. रिकीब बुटापेक्षा दोन ते अडीच सेंटिमीटर रुंद असावी.

बाकी साधं. फिकट ब्रीचेस, पांढरा शर्ट. कोट सक्तीचा आहे का ते विचारा, लहान शोमध्ये कॉलरचा टी-शर्ट चालतो. केस जाळीत. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या, कानातले झुबे उतरवून घरच्यांकडे द्या. लगाम अंगठीत अडकला तर बोटाची कातडी सोलून निघते.

सोलापूरहून पुण्याकडे शोला जायचं तर प्रवासाचं नियोजन कसं करावं?

अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. घोडा असलेला ट्रक ताशी ३५ च्या वर हाकू नये, म्हणजे थांबे धरून आठेक तास. पहाटे चार वाजता निघालात तर ऊन चढायच्या आत बराच रस्ता मागे पडतो. आदल्या दिवशीच पोचा. सकाळी उतरवून दुपारी स्पर्धा, असं नवख्या घोड्याबाबत करू नका.

ट्रकच्या फळ्यांवर रबरी चटई किंवा चार बोटं ओली वाळू, त्यावर थोडा भुसा किंवा पाचट. वळणावर आणि एकदम ब्रेक दाबल्यावर घोड्याचा तोल जातो. हे चालकाला निघण्याआधी समजावून सांगा. दोरी इतकी सोडा की त्याला मान छातीच्या खाली नेता येईल. सहा तास मान वर बांधलेल्या घोड्याच्या श्वासनलिकेतली धूळ आणि शेंबूड बाहेर पडत नाही, आणि नंतर त्याला ताप भरू शकतो.

टेंभुर्णी-इंदापूरच्या टप्प्यात एकदा आणि भिगवण ओलांडल्यावर एकदा थांबून पाणी दाखवा. बरेच घोडे परक्या पाण्याला तोंड लावत नाहीत, म्हणून घरचं चाळीस-पन्नास लिटर पाणी ड्रममध्ये घ्या. कडबाही घरचाच न्या. चारा अचानक बदलला की पोटशूळ होतो. बदल करायचाच तर सात-दहा दिवसांत हळूहळू. वाटेत कुणी प्रेमाने शेतातली कोवळी हिरवी ज्वारी देऊ केली तर नम्रपणे नाही म्हणा. कोवळ्या ज्वारीत विषारी द्रव्य असतं; वाळलेल्या कडब्याची गोष्ट वेगळी.

ड्रेसाजची चाचणी पाठ कशी करावी?

आधी पायी. नव्या स्वारांच्या चाचण्या सहसा २० बाय ४० मीटरच्या मैदानात होतात. अंगणात २ बाय ४ मीटरचा चौकोन रांगोळीने आखा. मैदानाच्या कडेला जागा दाखवणारी अक्षरं असतात, तीही लिहा: प्रवेशाच्या बाजूला ए, तिथून घड्याळाच्या दिशेने के, ई, एच, सी, एम, बी, एफ. मधोमध एक्स. मग चाचणी मोठ्याने म्हणत चाला. घोड्यावर बसून पाठ करू नका. घोडा पुढची वळणं स्वतःच ओळखायला लागतो आणि तुमच्या आधी वळतो. खालच्या पातळीवर चाचणी वाचून दाखवणारा माणूस बऱ्याचदा चालतो. परवानगी असेल तर घ्या, पण भरवसा पाठांतरावर ठेवा, कारण वाऱ्यात आवाज ऐकू येत नाही.

सगळ्यात जास्त गुण २० मीटरच्या गोलावर जातात. ए वरचा गोल चारच ठिकाणी टेकतो: ए वर, मग एफ आणि के या अक्षरांच्या चार मीटर पलीकडे लांब बाजूंवर, आणि एक्स वर. तो कोपऱ्यात जात नाही. नवखे स्वार कोपरा पकडतात आणि गोलाचं अंडं होतं. शेतात किंवा पडीक जागेत चुन्याने मैदान आखा, हे चार बिंदू डब्यांनी दाखवा आणि प्रत्येक डब्यापाशी पोचण्याआधीच नजर पुढच्या डब्यावर न्या.

ट्रॉटमध्ये उठबस करताना बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जातो तेव्हा उठायचं. दिशा बदलली की दोन ठोके बसून पुन्हा उठायचं. हे चुकलं तर खोगिरातून तुम्हाला फारसं जाणवत नाही, परीक्षकाला लगेच दिसतं.

घंटा वाजल्यावर प्रवेशासाठी ४५ सेकंद असतात, घाई नको. एक्स वर थांबून लगाम एका हातात घ्या, दुसरा हात मांडीशेजारी सरळ खाली, मान लववा. हेल्मेट काढायचं नाही.

वॉर्म-अप किती?

वीस-पंचवीस मिनिटं, दुपारचं ऊन असेल तर पंधरा. पहिली दहा मिनिटं सैल लगामावर नुसतं चालणं. समोरून येणाऱ्याशी डावा खांदा डाव्या खांद्याकडे ठेवून जा. चालत असाल तर कडेची वाट सोडून आत या. दुसऱ्याच्या मागे एक घोडालांबी मोकळी ठेवा. शेपटीला लाल फीत असेल तर तो घोडा लाथ मारणारा आहे, दोन लांब्या सोडा.

तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, तीनदा तपासायचा: घट्ट केल्यावर, बसण्याआधी, आणि दहा मिनिटं चालल्यावर. तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात, चालल्यावर ते उतरतं आणि खोगीर सैल होतं. पहिल्या शोमध्ये खोगीर घसरून पडणारे बहुतेक तिसरी तपासणी विसरलेले असतात.

क्रॉसपोलचा मार्ग पायी बघताना काय बघायचं?

उडीचा लाल झेंडा उजव्या हाताला, पांढरा डाव्या हाताला. क्रम पाठ करा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन उड्यांमधली वळणं प्रत्यक्ष ज्या रेषेवर जाणार त्या रेषेवर चालून बघा. मैदान काळ्या मातीचं असेल तर ढेकूळ आणि भेगा कुठे आहेत, मुरूम टाकलेला असेल तर तो कुठे उखणलाय, हेही पायाला तेव्हाच कळतं.

कँटरची एक उडाण, म्हणजे दौडीतली एक झेप, साधारण ३.६ मीटर धरून अंतरं मांडतात, म्हणजे मोठ्या माणसाची चार पावलं. आपले चौदा-साडेचौदा हातांचे (घोड्याच्या उंचीचा एक हात म्हणजे चार इंच) घोडे एवढी लांब उडाण घेत नाहीत. म्हणून दोन उड्यांमध्ये त्यांना पळवून अंतर गाठायला लावू नका. या उंचीला ट्रॉटमध्ये या, उडी घ्या, पुन्हा ट्रॉट. एक उडाण जास्त पडली तरी काही बिघडत नाही. उडीवर आयाळ पकडा. तोल मागे गेला तरी लगामाला झटका बसत नाही.

घोडा अडला, दांडी पडली किंवा मी पडलो तर?

दांडी पाडली तर ४ दोष. पहिल्यांदा अडला तर ४. आंतरराष्ट्रीय नियमात दुसऱ्यांदा अडला की बाद. लहान शोमध्ये कधी तिसरी संधी देतात, ते आधी विचारून ठेवा. घंटेआधी सुरुवात केली तरी बाद. पडलात तरी बाद, पुन्हा चढून पुढे जायचं नाही. डोकं आपटलं असेल, क्षणभर काही आठवत नसेल, मळमळत असेल तर त्या दिवशी पुन्हा कुठल्याच घोड्यावर बसू नका आणि डॉक्टरला दाखवा, कितीही बरं वाटत असलं तरी.

पहिल्यांदा अडला की मोठा गोल घ्या, पाय लावून सरळ रेषेत पुन्हा आणा. चाबूक मारून तिथल्या तिथे वळवू नका. बहुतेकदा तो अडलेला नसतो; तुम्ही उडीकडे खाली बघितलेलं असतं, वजन पुढे गेलेलं असतं आणि त्याला ते थांबण्याची खूण वाटलेली असते.

उन्हाचं काय करायचं? तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये म्हणतात.

ही समजूत घोड्यांचं नुकसान करते. घाम आलेल्या घोड्याला पाणी द्या. आधी चार-पाच लिटर, थोडं चालवून पुन्हा. अंगावरही पाणी ओता आणि ओतत राहा; पट्टीने निपटण्यात वेळ घालवू नका. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने उष्णतेवर बरंच संशोधन झालं, तेव्हापासून मोठ्या स्पर्धांत घोडे असेच थंड करतात.

विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. उतरल्यावर अर्ध्या तासात श्वास खाली येत नसेल, किंवा उन्हात असूनही घाम थांबला असेल, तर लगेच पशुवैद्य. सोलापूरच्या मार्च ते मेमध्ये नवख्यांनी शोचा विचारच करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम.

त्यातही जानेवारीत एक गोष्ट सांभाळा. पागा शहरात असेल तर सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत शोभेच्या दारूकामाचा आवाज लांबवर येतो. त्या आठवड्यात नवं काही शिकवू नका, आणि मैदानात पतंगाचा मांजा पडलाय का ते रोज बघा.

खूप भीती वाटते. काय करावं?

आदल्या रात्री झोप येत नाही, सकाळी खाणं जात नाही, हे होतंच. तरी उपाशीपोटी बसू नका. केळं, थोडा उपमा, मीठ-साखरेचं पाणी. घोड्यावर असताना मोठ्याने मोजा किंवा एखादी ओवी गुणगुणा. माणूस घाबरला की श्वास धरतो. श्वास धरला की कंबर ताठरते आणि घोड्याला ते पाठीवर लगेच कळतं. बोलत राहिलात तर श्वास चालू राहतो.

घोड्याला शांत करायला कुणी औषध, पूड, गोळी सुचवली तर घेऊ नका. पशुवैद्याला न विचारता दिलेलं वेदनाशामकसुद्धा स्पर्धेत निषिद्ध ठरू शकतं, आणि गुंगीतला घोडा अडखळून स्वारासकट पडतो.

घरची मंडळी बघायला येणार आहेत. त्यांना काय सांगू?

एकाला काम द्या: पाण्याची बादली, फडकं आणि तुमचा नंबर पुकारला की हाक मारणं. बाकीच्यांना सांगा की चाचणी संपेपर्यंत टाळ्या नकोत, छत्री उघडू नका, फोटोसाठी कुंपणाच्या आत हात घालू नका. रिंगणात अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावतात, त्याच भावनेने गावाकडची वडीलधारी माणसं घोड्याला हात लावायला पुढे होतात. त्यांना आधीच प्रेमाने सांगून ठेवा की स्पर्धा संपल्यावर तुम्ही स्वतः घोड्याजवळ घेऊन जाल, समोरून आणि खांद्याच्या बाजूने.

गुणपत्रिका कशी वाचायची?

प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण. ६ म्हणजे समाधानकारक, ७ म्हणजे बऱ्यापैकी चांगलं. पहिल्या चाचणीत ५५ ते ६० टक्के पडले तर समाधानाने घरी जा. टक्क्यांपेक्षा परीक्षकाचे शेरे बघा. एकच शेरा तीन ठिकाणी आला असेल, उदाहरणार्थ घोडा वळणावर बाहेर पडतो, तर पुढचे दोन महिने तेच काम.

दुसऱ्या दिवशी काय?

सकाळी चारही पायांवरून हात फिरवा. गरमपणा किंवा सूज आहे का बघा. खोगिराखालच्या जागी केस उभे राहिलेत का, दाबल्यावर घोडा पाठ खाली नेतो का, तेही बघा. कठीण जमिनीवर सरळ रेषेत हातात धरून तीस-चाळीस पावलं ट्रॉट करवा. डोकं वरखाली होत असेल तर पाय दुखतोय. शेण नेहमीसारखं पडलंय का, पाणी किती प्यायला, हे मोतद्दाराला विचारा. सगळं ठीक असेल तर त्याला दिवसभर मोकळं सोडा, हरभरा-कोंड्याचा खुराक निम्मा करा आणि कडबा पोटभर द्या.